सात नंबर अजून आत आहेत

बाबांचा शेवटचा साधा दिवस स्वयंपाकघरातल्या नळाच्या वॉशरमध्ये गेला. बुधवार होता. नळ तीन आठवडे ठिबकत होता आणि तीन आठवडे बाबा त्याच्याकडे असे बघत होते की जणू आज ना उद्या तो शरमेनं थांबेल. शेवटी त्यांनी ओट्याखाली डोकं घातलं आणि मला टॉर्च धरायला लावला. मी एका हातात टॉर्च धरला आणि दुसऱ्या हातात पुस्तक. मी वाचनालयात पुस्तकांचं वर्गीकरण करते. घरी आल्यावरही तेच हातात असतं, हा आईचा माझ्यावरचा जुना आरोप आहे.

"उजेड माझ्याकडे आणि डोळे तिकडे," ओट्याखालून आवाज आला. "प्रकरण संपलं की सांग. मी तोवर भिजतो."

वॉशर चुकीच्या मापाचा निघाला. दुसरा आणला, तोही. तिसऱ्या खेपेला दुकानदारानं नळच काढून आणायला सांगितलं.

"एकतीस वर्षं स्टोअरकीपर आहेत," आई म्हणाली, "आणि घरच्या नळाचं माप माहीत नाही."

"स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते. तुझ्या नळाला चिठ्ठी कुठंय?"

संध्याकाळपर्यंत नळ ठिबकायचा थांबला आणि वाहायला लागला. बाबांनी त्याखाली बादली ठेवली, हात पुसले, आणि हा निकाल तात्पुरता आहे असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बाबा गेले.

पुढची हकीकत एका अर्जाची आहे. मरण त्यात थोडक्यात येतं, कारण अर्जात त्यासाठी दोनच ओळी सोडलेल्या होत्या. पण वाचणाऱ्याला त्या दोन ओळी नीट कळायला हव्यात, म्हणून जरा जास्त जागा घेते.

बाबा रंगांच्या कारखान्यात होते. तिथं एक आपत्कालीन पथक आहे. आग लागली, वायू गळला, कोणी टाकीत पडलं, की भोंगा होतो आणि बारा माणसं हातातलं काम टाकून धावतात. ही काही अग्निशामक दलाची माणसं नव्हेत. एक कॅन्टीनचा आचारी, एक हिशेबनीस, दोन वायरमन, एक स्टोअरकीपर. बदल्यात त्यांना एक नारिंगी जाकीट, एक नंबर आणि वर्षाकाठी एक प्रमाणपत्र मिळतं. बाबा सात नंबर. आमच्याकडे अशी एकोणीस प्रमाणपत्रं आहेत आणि त्यांत आमचं आडनाव सहा प्रकारांनी लिहिलेलं आहे.

पथकाचा एक फळा असतो. डाव्या बाजूला 'आत', उजव्या बाजूला 'बाहेर', दोन्हीकडे बारा-बारा खुंट्या आणि प्रत्येकाचा पितळी बिल्ला. धुरात शिरण्यापूर्वी ज्यानं त्यानं आपला बिल्ला 'आत' लावायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हातानं 'बाहेर' नेऊन टांगायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. नियम शहाणा आहे. कोणी सहज म्हणून मित्राचा बिल्ला बाहेर टांगला आणि मित्र आतच राहिला, तर त्याला शोधायला कोण जाणार?

गुरुवारी तीन वाजून सात मिनिटांनी बाबांनी गेटवरच्या मशीनमध्ये कार्ड घातलं. शिफ्ट संपली. तीन दहाला भोंगा झाला आणि ते रस्त्यावरून परत फिरले. सॉल्व्हंटच्या गोदामात धूर भरला होता. पथकाचे कप्तान, म्हणजे वेल्डिंगचे फोरमन, यांनी मैदानात जमलेल्या कामगारांची मोजणी केली. एक माणूस कमी भरला. एक पाइप फिटर. बाबांनी बिल्ला 'आत' लावला आणि त्याला शोधायला गेले. फिटर मागच्या भिंतीतल्या दारातून सिगारेट ओढायला गेला होता आणि तिकडं उभा राहून धुराचं कौतुक बघत होता. बाबांना दोघांनी उचलून बाहेर आणलं. पाच चाळीसला, रुग्णालयात, ते गेले.

झालं.

दोन महिन्यांनी नुकसानभरपाई विभागाचं पत्र आलं. पत्र फार सभ्य होतं. सदर कर्मचारी तीन वाजून सात मिनिटांनी कामावरून गेलेले होते, सबब तीन दहानंतर ते जे काही करत होते ते त्यांनी स्वेच्छेनं व स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं होतं, आणि विभाग कुटुंबाच्या दुःखात सहभागी होता.

आईनं पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"म्हणजे हौस म्हणून?" ती म्हणाली.

"तसं नाही लिहिलेलं, आई."

"तसंच लिहिलंय. कोणी सिनेमाला जातं, हे धुरात गेले." तिनं पत्र घडी घालून डब्याखाली ठेवलं. "मला त्यांचं काही नको. पण ते कामाला गेले होते एवढं लिहून आण. लिहून आण म्हणजे झालं."

मी आणते म्हटलं. वर्गीकरण हा माझा धंदा आहे. एखाद्या माणसाला चुकीच्या कप्प्यात ठेवलं असेल तर त्याला उचलून बरोबर कप्प्यात ठेवायचं, याला किती वेळ लागणार? पंधरा दिवस, असा माझा अंदाज होता. त्याला आता तेरा महिने झाले.

आमच्या वरच्या मजल्यावर टायपिस्टकाका राहतात. त्यांनी कोर्टात छत्तीस वर्षं टंकलेखन केलं. कायदा आपण शिकलो नाही, पण तो आपल्या बोटांतून गेला आहे, असं ते म्हणतात आणि पुरावा म्हणून बोटं दाखवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोरे कागद घेऊनच खाली आले.

"पहिली गोष्ट, रडायचं नाही," ते म्हणाले. आम्ही कोणी रडत नव्हतो. "दुसरी गोष्ट, प्रत्येक कागदाच्या पाच प्रती. तिसरी गोष्ट, साहेबाला भेटायचं नाही, कारकुनाला भेटायचं. साहेब सही करतो, पण कागद कारकुनाकडे राहतो."

"आणि चौथी?"

"चौथी आठवली की येतो."

नुकसानभरपाईच्या दावे विभागात तीन नंबरच्या खिडकीवर एक बाई बसत. त्यांच्यावर चिडता येत नसे, हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष. अर्जात 'मृताशी नाते' असा रकाना होता आणि त्यापुढे तीन चौकोन: पत्नी, मुलगा, इतर.

"मी मुलगी आहे," मी म्हटलं.

"हो, ते 'इतर'मध्ये येतं."

मी जगातल्या सगळ्या ज्ञानाचे कप्पे पाडते. 'इतर' हा कप्पा आम्ही आळशी लोकांसाठी ठेवलेला असतो. मी निमूटपणे त्यात खूण केली.

त्यांनी मला पथकाची नियमपुस्तिका दिली. एकेचाळीस पानं, बारीक टाइप. माझ्या आधी ती कोणी शेवटपर्यंत वाचली नसावी, कारण छत्तिसाव्या पानापासून पुढची पानं कापलेलीच नव्हती. मी सुरीनं ती सोडवली आणि परिशिष्ट तीनमध्ये मला हवं ते सापडलं. *ज्या सदस्याचा बिल्ला 'आत' आहे तो, त्याची शिफ्ट असो वा नसो, कामावर आहे असे मानावे. आणि त्याचा बिल्ला 'बाहेर' जाईपर्यंत तसेच मानावे.*

मी टायपिस्टकाकांना वाचून दाखवलं. ते हळूच खुर्चीत बसले.

"जिंकलो," ते म्हणाले.

बाईंनी परिशिष्ट तीन शांतपणे वाचलं. संगणकात काहीतरी पाहिलं. मग पुन्हा परिशिष्ट पाहिलं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील कामावर होते."

मी श्वास सोडला.

"आणि आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बिल्ला अजून 'आत' आहे. कप्तान रोज फळा बघून नोंद करतात. कालचीही आहे." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. सात नंबर, आत. सात नंबर, आत. यादी खाली सरकत राहिली आणि ओळ बदलेना. "नियमानं ते कामावर आहेत. कामावर असलेल्या माणसाचा मृत्यूचा दावा मी कसा घेऊ?"

"पण मृत्यूचा दाखला जोडलाय मी. पाच प्रती."

"तो दाखला नगरपालिकेचा आहे. हा फळा कारखान्याचा आहे." त्यांनी दुसरी यादी उघडली. "आणि अजून एक आहे. आपत्कालीन फोनला त्यांनी उत्तरं दिली आहेत. तुम्ही दिलेल्या तारखेनंतर. दहा वेळा."

त्या खिडकीसमोर चार खुर्च्या होत्या आणि पाचही पंखे चालू होते. मला एकदम थंडी वाजली. मग मला आठवलं की आमच्या घरी दिवाणखान्यात लँडलाइन आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता, मी वाचनालयात असताना, तो वाजतो.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"यंत्राचा फोन असतो. एक बाई सांगते, हा चाचणी संदेश आहे, सदस्य उपलब्ध असल्यास एक दाबा."

"आणि तू एक दाबतेस?"

"तीनदा उत्तर दिलं नाही तर नाव काढून टाकतात. ह्यांनीच सांगितलं होतं मला. एकोणीस वर्षांत एकदाही चुकवला नाही त्यांनी. अंगात ताप असताना मी रिसीव्हर कानाला धरलाय त्यांच्या." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "माझ्या हातून कसं काढू देऊ नाव?"

मी चार पानं निवडून दिली.

अशा रीतीनं बाबा एकाच वेळी चार ठिकाणी होते. गेटवरच्या मशीनच्या मते ते तीन सातला घरी गेले होते. फळ्याच्या मते ते गोदामात होते. टेलिफोनच्या मते ते कधीही बोलवा, तयार होते. आणि नगरपालिकेच्या मते ते नव्हते. या चारांपैकी पहिले तीन एकाच कारखान्याचे होते, त्यामुळे बहुमत कुठं होतं ते सांगायला नको.

याच सुमारास कारखान्याच्या कामगार विभागाकडून बाबांच्या नावे एक छापील पत्र आलं. आपण सलग सात हजार नऊशे तास कामावर असल्याचे निदर्शनास आले आहे. हे आरोग्यास अपायकारक असून नियमबाह्य आहे. कृपया त्वरित विश्रांती घ्यावी.

आईनं ते पत्र बराच वेळ हातात धरलं. "मी जन्मभर हेच सांगत होते," ती म्हणाली. "कंपनीनं सांगितलं ते बरं झालं. माझं कुठं ऐकायचे." मग तिनं ते बाबांच्या उशीखाली ठेवलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

टायपिस्टकाकांना एव्हाना चौथी गोष्ट आठवली होती. ती म्हणजे प्रतिज्ञापत्र. 'मृत व्यक्ती जिवंत नसल्याबाबत.' त्यांनी मसुदा टाइप करून आणला. त्यात शेवटी एक जागा रिकामी होती.

"इथं कोणाची सही?"

"ज्याच्याबद्दल आहे त्याची," काका म्हणाले, आणि मग त्यांची बोटं हवेतच थांबली. त्यांनी कागद परत घेतला आणि जिना चढून गेले.

तेव्हा मी कप्तानांना भेटायला गेले. एवढं सगळं करण्यापेक्षा त्यांनी तो बिल्ला एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर टांगला असता की काम झालं असतं. वीतभर अंतर.

कप्तान म्हणजे आडवा बांधा, भाजलेले हात आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी मला फळ्यासमोर नेलं. फळा काचेच्या कपाटात असतो आणि कपाट फक्त भोंगा झाल्यावर उघडतं. अकरा बिल्ले उजवीकडे. एक डावीकडे. सगळ्या बिल्ल्यांवर बारीक धूळ बसली होती. डावीकडच्यावर नव्हती.

"तुम्ही पुसता?" मी विचारलं.

"कपाट बंद असतं, ताई."

मी विषय बदलला. "काका, तुम्ही कप्तान आहात. तुम्ही हलवलात तर कोण काय बोलणार आहे?"

ते काचेकडे बघत राहिले. "त्या दिवशी मी एक कमी मोजला. सगळे बाहेर होते आणि मी म्हटलं, एक आत आहे. तुमचे बाबा गेले ते माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून. आता मी कुठलाच आकडा हलवणार नाही. जे दिसतं ते लिहितो." त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "आणि तसंही, ताई, ते बाहेर आलेत असं मी लिहू कसं?"

"म्हणजे?"

"दर महिन्याला सराव असतो. मास्क लावून एका रांगेत उभे राहतात आणि आपापला नंबर म्हणतात. एकपासून बारापर्यंत. सात नंबर अजून कोणाला दिलेला नाही. म्हणजे सहानंतर आठ यायला हवं."

"मग?"

"सहानंतर कोणीतरी सात म्हणतं."

पलीकडे कोणीतरी ड्रम ढकलत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"कोण म्हणतं?"

"मास्क असतात ना. तोंड दिसत नाही." त्यांनी खिशातून कागदांची एक गुंडाळी काढली. "मी लेखी घेतलंय सगळ्यांकडून. अकरा जणांनी लिहून दिलंय, मी नाही म्हणून. हा आचारी बघा काय लिहितो. 'मी नाही. पण नंबर वेळेवर म्हटला गेला, याची नोंद घ्यावी.'"

आमच्या वाचनालयात भुतांच्या गोष्टी एकोणतीस पुस्तकांत आहेत आणि त्या सगळ्या मी वाचल्या आहेत. त्यातली भुतं सूड घेतात, खजिना दाखवतात, विहिरीपाशी उभी राहतात. हजेरी देणारं भूत एकाही पुस्तकात नाही. बाबांना ओळखणाऱ्या माणसाला मात्र यात काही विचित्र वाटलं नसतं.

मी हे दाव्यांच्या बाईंना सांगितलं नाही. त्यांनी मात्र मला काहीतरी विचारायचं ठेवलं होतं.

"कंपनीच्या मोबाइलवरून केलेल्या फोनची यादी आलीय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तीन वाजून बारा मिनिटांनी त्यांनी एक फोन केला. एकेचाळीस सेकंद. नंबर वाचनालयाचा आहे."

"हो."

"ते काय म्हणाले, हे मला जबाबात लिहावं लागेल."

ते काय म्हणाले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ते म्हणाले, "अगं, मी बाहेर पडलोय आणि इकडं भोंगा झालाय. शिफ्ट तर संपलीय माझी. काय करू, जाऊ का घरी येऊ?" पाठीमागे भोंगा ऐकू येत होता. माझ्यासमोर एक पुस्तक होतं, त्याचं पहिलं पान फाटलं होतं आणि पुस्तक कुठल्या विषयात घालावं ते मला सुचत नव्हतं. मी म्हटलं, "जा की, बाबा. घरी येऊन तरी काय, कान तिकडंच असणार." ते हसले. "शहाणी आहेस," म्हणाले.

"उशीर होईल म्हणाले," मी बाईंना सांगितलं.

त्यांनी लिहून घेतलं. "अजून काही?"

"नाही."

'उशीर होईल' हे म्हणायला दोन सेकंद लागतात. बाईंनी यादीतल्या एकेचाळीसकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी मला कळलं की त्यांच्यावर चिडता का येत नाही.

मार्गही त्यांनीच काढला. जिथं मृताची सही लागते तिथं वारसाची सही चालते. मग जिथं मृताचा हात लागतो तिथं वारसाचा हात का चालू नये? त्यांनी तसं टिपण लिहिलं, ते वर गेलं, वरून प्रश्न आला की डावा हात की उजवा, त्याचं उत्तर गेलं, आणि तीन महिन्यांनी मंजुरी आली. पुढच्या सरावाच्या वेळी, कपाट उघडल्यावर, वारसानं बिल्ला काढावा, मोठ्यानं नंबर म्हणावा आणि 'बाहेर' टांगावा. मग घटना बंद होईल. मग दावा घेता येईल आणि त्यावर लिहिता येईल: कामावर असताना. अट एकच. त्या महिन्यात फोनला उत्तर जाता कामा नये.

"आई, तू काढतेस बिल्ला?" मी विचारलं.

"नाही. माझ्याच्यानं नाही निघणार. तू काढ." मग जरा वेळानं, "पण मी येणार."

सोमवारी मी रजा घेतली. दहाला फोन वाजला. आईनं रिसीव्हर उचलून कानाला लावला, पूर्ण संदेश ऐकला. यंत्रानं तो पुन्हा म्हटला. आईचं बोट एकच्या बटणावर टेकलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर पलीकडची बाई बोलली, आपले उत्तर मिळाले नाही, धन्यवाद.

"धन्यवाद कशाचे?" आई रिसीव्हरला म्हणाली आणि तो जागेवर ठेवला.

साडेदहाला आम्ही कारखान्याच्या मैदानात होतो. टायपिस्टकाका पाच प्रती घेऊन आले होते. दाव्यांच्या बाई पुठ्ठ्याला कागद लावून उभ्या होत्या. खिडकीबाहेर त्या माझ्या खांद्याएवढ्याच निघाल्या. गोदामाच्या दारात सरावाचं धुराचं यंत्र फुसफुसत होतं. तो खोटा धूर गोडसर वासाचा असतो आणि कुणाला काही करत नाही, असं कप्तानांनी आम्हाला तीनदा सांगितलं. ऊन चांगलं लख्ख होतं, तरी धूर जमिनीलगत पसरत पथकाच्या पायांपर्यंत आला आणि बुटांवरून वर चढला, तेव्हा माणसांना पायच नाहीत असं वाटायला लागलं.

भोंगा झाला. कपाटाचं कुलूप आपोआप उघडलं. पथक आत गेलं, बाहेर आलं, ज्यानं त्यानं आपला बिल्ला हलवला. मग सगळे मास्कसकट रांगेत उभे राहिले. सारख्या जाकिटांत, सारख्या काळ्या काचांमागे. मी मोजायचा प्रयत्न केला. दोनदा मोजले आणि दोनदा वेगळे भरले, तेव्हा कप्तानांचं दुःख मला समजलं.

कप्तानांनी शिट्टी वाजवली.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच."

"सहा."

"सात."

आवाज मास्कमधून आल्यासारखा दबलेला होता आणि जिना चढून आलेल्या माणसासारखा थोडा धापत होता. तो मी एकोणचाळीस वर्षं ऐकला होता. जेवायला ये. दिवा बंद कर. पुस्तक ठेव.

आईनं माझा दंड धरला. "सर्दी झालीय त्यांना," ती हळू म्हणाली.

नंबर बारापर्यंत गेले. टायपिस्टकाकांनी पाचही प्रती छातीशी धरल्या होत्या. बाई कागदाकडे बघत होत्या, कागदाशिवाय दुसरीकडे कुठंही नाही. "आता, ताई," कप्तान म्हणाले.

मी फळ्यापाशी गेले. बिल्ला गरम होता. पितळ आहे, उन्हात तापणारच, असं मी स्वतःला सांगितलं. आणि बाकीचे अकरा, त्याच उन्हातले, मी हात लावून पाहिले नाहीत. तो चटकन निघाला. मला वाटलं होतं अडकेल, गंजला असेल, नवा काहीतरी अर्ज करावा लागेल. तेरा महिन्यांत एवढी सोपी गोष्ट एकही झाली नव्हती. वीतभर अंतर. मी तो उजवीकडच्या खुंटीवर टांगला आणि नियमात सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "सात नंबर, बाहेर."

बाईंनी खूण केली. "बंद झालं," त्या म्हणाल्या. "आज दुपारी दावा घेते. कामावर असताना, असंच लिहिते." आईनं मान हलवली. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

"नोंदीसाठी पुन्हा एकदा," कप्तान म्हणाले, आणि शिट्टी वाजली.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच."

"सहा."

मग काही नाही. आठ नंबरचा आचारी थांबला होता. वर्षभर तो त्या आवाजानंतर बोलायचा, त्याला सवय झाली होती. धुराचं यंत्र कोणीतरी बंद केलं असावं. कप्तानांनी शिट्टी ओठांपासून काढली. सगळी रांग सहा आणि आठच्या मधल्या जागेकडे बघत होती. तिथं एका माणसापुरती जागा होती, आणि तिच्यातून पलीकडची भिंत, भिंतीतलं दार आणि रस्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"आठ," शेवटी आचारी म्हणाला.

"बाबा," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जाऊ नका. घरी या."